पडद्यावरची भुते आणि 'निजाम सर्किट'चा गल्ला

निलंगा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील बिदर जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाला. महसुली नकाशा असा वारंवार बदलला. चित्रपट व्यवसायाचा नकाशा मात्र जागचा हलला नाही. वितरकांच्या हिशेबात मराठवाडा पुढेही 'निजाम सर्किट'मध्येच राहिला. सोलापूर मुंबई सर्किटमध्ये, विदर्भ 'सीपी-बेरार'मध्ये आणि निलंगा, लातूर, नांदेड निजाममध्ये, अशी ही विभागणी होती.

रामसे बंधूंच्या भयपटांची कारकीर्द समजून घ्यायची, तर सुरुवात या नकाशापासून करावी लागते. समीक्षकांनी त्यांची टिंगल केली, सेन॔सॉरच्या कात्रीने त्यांना सतावले, मोठे नट त्यांच्या वाट्याला क्वचितच आले. तरीही १९७२ पासून जवळजवळ दोन दशके त्यांच्या चित्रपटांना गिऱ्हाईक मिळत राहिले. त्याचे उत्तर मुंबईच्या प्रतिष्ठित चित्रगृहांपेक्षा तालुक्याच्या टॉकीजमध्ये अधिक सापडते.

रेडिओच्या दुकानातून पडद्याकडे

फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी यांचे फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, म्हणून रामसिंघानींचे 'रामसे' झाले. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले. चित्रपटनिर्मितीचा नाद मात्र सुटला नाही. 'शहीद-ए-आझम भगतसिंग' (१९५४) आणि 'रुस्तम सोहराब' (१९६३) यांनंतर १९७० मध्ये आलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' साफ पडला.

या अपयशातच पुढच्या यशाची किल्ली होती. चित्रपटात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात, असा एक प्रसंग होता. बाकीच्या चित्रपटाला कंटाळलेला प्रेक्षक तेवढ्या प्रसंगाला सावरून बसतो, हे तुलसी आणि श्याम या भावांनी हेरले. प्रेक्षकाला हवी असलेली भीतीच पूर्ण चित्रपटभर द्यावी, असे त्यांनी वडिलांना सुचविले.

भाऊ सात होते आणि कामेही तशीच वाटली गेली. कुमार यांच्याकडे पटकथा, गंगू आणि केशू यांच्याकडे छायाचित्रण, किरण यांच्याकडे ध्वनी, अर्जुन यांच्याकडे संकलन, तर तुलसी आणि श्याम यांच्याकडे दिग्दर्शन. चित्रपट प्रशिक्षण संस्थेत कोणी गेले नव्हते. वडिलांनी मुलांना काश्मीरमध्ये हाउसबोटीवर नेऊन जोसेफ मॅसेली यांच्या छायाचित्रणावरील ग्रंथाचे पाठ गिरवायला लावले.

'दो गज जमीन के नीचे' १९७२ मध्ये आला. सारे कुटुंब आणि कलाकार महाबळेश्वरला मुक्कामी गेले, घरच्या बायकांनी स्वयंपाक सांभाळला आणि सुमारे ४० दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात चित्रपट उभा राहिला. सेट उभारण्याऐवजी असलेली वास्तू वापरायची आणि नटाऐवजी भुताच्या नावावर तिकीट विकायचे, ही पद्धत तेथेच पक्की झाली.

हक्कविक्रीचे गणित

त्या काळी निर्माता देशभर स्वतः चित्रपट लावीत नसे. मुंबई, दिल्ली-यूपी, पूर्व पंजाब, सीपी-बेरार, राजस्थान, निजाम, म्हैसूर अशा प्रदेशांचे हक्क वेगवेगळ्या वितरकांना विकले जात. वितरक 'मिनिमम गॅरंटी' म्हणजे ठरलेली किमान रक्कम देई आणि पुढे चित्रगृहांकडून ती वसूल करी. मोठ्या नटांच्या चित्रपटाचे हक्क महाग, त्यामुळे तो पडला की वितरकही बुडे. रामसेंच्या चित्रपटाची किंमत बेताची असे. तो मध्यम चालला तरी पैसे निघत आणि चांगला चालला तर कमाई होई. बड्या निर्मात्यांच्या स्पर्धेत हे कुटुंब टिकले, त्याचे हे साधे व्यापारी कारण होते.

दुसरे कारण प्रिंटचे. प्रत्येक प्रिंट तयार करण्यास मोठा खर्च येई, म्हणून प्रिंट मोजक्याच काढल्या जात. त्या आधी मोठ्या शहरांत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी आणि नंतर तालुक्याला फिरत. निलंग्यासारख्या गावी रीळ पोहोचेपर्यंत त्यावर ओरखडे उठलेले असत. नटाच्या लाटेवर चालणारा चित्रपट तोवर शिळा होई. भुताचे तसे नव्हते. भयपट कोणत्या वर्षाचा, हे फारसे कोणी विचारीत नसे. भिंतीवरचे रंगीत पोस्टर आणि रिक्षावरचा भोंगा एवढ्या जाहिरातीवर तो पुन्हा पुन्हा लावता येई. जत्रेतल्या तंबूलाही तो चाले.

निलंगा कर्नाटकाच्या सीमेलगतचा तालुका. मराठी, कन्नड आणि दखनी एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या या पट्ट्यात, लांबलचक संवादांपेक्षा करकरणारे दार, विजेचा लखलखाट आणि किंकाळी यांवर उभा असलेला चित्रपट समजायला भाषेची अडचण नव्हती.

'सामरी'चा दबदबा

या गणिताचे सर्वांत मोठे यश म्हणजे १९८४ चा 'पुराना मंदिर'. ठाकूर घराण्याला शाप देणारा सामरी, त्याचे धडावेगळे केलेले शिर आणि त्या शापाने बाळंतपणात मरणाऱ्या घरातल्या स्त्रिया, असे त्याचे कथानक. मोहनीश बहल आणि आरती गुप्ता यांच्यासोबत मराठी रंगभूमीवरून आलेले सदाशिव अमरापूरकरही त्यात होते. प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो सामरीच. ती भूमिका करणारे धिप्पाड अनिरुद्ध अग्रवाल हे रुरकीला शिकलेले अभियंता होते. लगोलग १९८५ मध्ये 'थ्रीडी सामरी' आला. 'तहखाना' (१९८६), 'वीराना' (१९८८), 'पुरानी हवेली' (१९८९) आणि 'बंद दरवाजा' (१९९०) यांनी ही घोडदौड चालू ठेवली. मोहन भाकरी, विनोद तलवार यांच्यासारखे निर्माते-दिग्दर्शकही याच वाटेने निघाले.

आक्षेप आणि शिक्का

रामसेंवरील सगळेच आक्षेप निराधार नव्हते. भीतीला जोड म्हणून अंगप्रदर्शन हमखास असे. स्त्री एक तर बळी, नाही तर चेटकीण. शरीराने वेगळा दिसणारा माणूस राक्षस ठरे. 'महाकाल' हा अमेरिकेतील 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'वर सरळसरळ बेतलेला होता. मांत्रिक-तांत्रिकांचे सामर्थ्य पडद्यावर खरे म्हणून दाखविले जाई. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीची मोठी परंपरा असलेल्या आणि २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात हा प्रश्न क्षुल्लक मानता येत नाही.

मात्र 'सी ग्रेड' या शिक्क्याची गोष्ट निराळी आहे. वितरणाच्या भाषेत 'ए', 'बी' आणि 'सी' ही मुळात केंद्रांची श्रेणी होती. महानगर 'ए', मध्यम शहर 'बी' आणि लहान गाव 'सी'. त्यात गुणवत्तेचा संबंध नव्हता. गल्ल्याच्या आकाराचा होता. हळूहळू केंद्राची श्रेणी चित्रपटाला चिकटली आणि चित्रपटाची श्रेणी प्रेक्षकाला. देशात काही चित्रगृहांत मूळ रिळांमध्ये सेन्सॉरची परवानगी नसलेले तुकडे जोडून दाखविले जात. त्याची बदनामीही या प्रकारच्या साऱ्या चित्रपटांच्या माथी आली. निर्मात्याच्या रंजनाची चिकित्सा झाली पाहिजे, यात वाद नाही. पण तालुक्यात राहणारा प्रेक्षक म्हणून त्याची अभिरुची हलकी, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्याच्यापर्यंत कोणता चित्रपट, किती उशिरा आणि कोणत्या अवस्थेत पोहोचायचा, हे तो ठरवीत नव्हता.

भुते घरात शिरली

व्हिडिओ आणि केबलने हे गणित मोडले. १९९३ मध्ये रामसेंनीच 'झी हॉरर शो'द्वारे भुतांना दूरचित्रवाणीवर नेले आणि तिकीट न काढता भीती घरी मिळू लागली. २००१ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. रामगोपाल वर्मा यांचा 'भूत' (२००३) हवेली सोडून मुंबईतील फ्लॅटमध्ये घडला. नंतर उपग्रहाद्वारे डिजिटल प्रक्षेपण आले आणि नवा चित्रपट त्याच शुक्रवारी तालुक्यातही लागणे शक्य झाले. वाट पाहणे संपले, पण त्या प्रतीक्षेवर जगणाऱ्या जुन्या चित्रपटांची जागाही संपली. एकपडदा चित्रगृहे ठिकठिकाणी बंद पडत गेली.

भाऊही वेगळे झाले. केशू यांनी 'खाकी' (२००४) सारख्या मोठ्या नटांच्या चित्रपटाची निर्मिती केली. तुलसी यांचे २०१८ मध्ये, तर श्याम यांचे २०१९ मध्ये निधन झाले. ज्यांची टिंगल झाली, त्या चित्रपटांच्या डीव्हीडी 'माँडो मकाब्रो' या कंपनीने परदेशी रसिकांसाठी काढल्या आणि २०१७ मध्ये शाम्य दासगुप्ता यांचे रामसेंवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ मध्ये आला, तेव्हा त्याला मर्यादित यश मिळाले. २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्यापेक्षा अधिक कमाई केली. भयपट शिळा होत नाही, हे वितरकांचे जुने सूत्र त्यातून पुन्हा खरे ठरले. फरक एवढाच, की या वेळी पुनःप्रदर्शनाचे मुख्य केंद्र मल्टिप्लेक्स होते.

रामसेंचा इतिहास आता पुस्तकांत आणि डीव्हीडींवर नोंदला गेला आहे. ज्या प्रेक्षकांच्या तिकिटांवर तो उभा राहिला, त्यांची नोंद टॉकीजच्या गल्ल्याच्या वह्यांत आणि चित्रगृहचालकांच्या आठवणींत आहे. दर्जाचा वाद पुढेही चालू राहील. पण टॉकीज पाडली जाताना त्या वह्याही रद्दीत जाऊ नयेत, एवढी काळजी तरी घेतली गेली पाहिजे.