कोल्हापुरी निघाली मिलानला!

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत विषय होता थकलेल्या हप्त्यांचा, पण बोलणं गेलं चपलेवर! एकीच्या मुलीने मोबाइलवर फोटो दाखवला. "काकू, ही चप्पल 80 हजाराच्या वर आहे." सगळ्या वाकून बघायला लागल्या. गटातल्या सर्वांत वयस्कर मावशी म्हणाल्या, "अगं बाई, अशीच तर आमच्या मामंजींच्या पायात असायची!"

मावशींचं काही चुकलं नव्हतं. जून 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. नाव दिलं नुसतं चामडी सँडल. कोल्हापूरचा उल्लेखसुद्धा नाही! आपल्याकडे ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र धाडलं, तेव्हा कुठे कंपनीने कबूल केलं की ही कारागिरी भारतातली. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले 4 आणि कर्नाटकातले 4 जिल्हे त्यात येतात. पुढे डिसेंबर 2025 मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाचा करार झाला. इथल्या कारागिरांकडून 2 हजार जोड करून घ्यायचे, किंमत सुमारे 800 युरो, आणि फेब्रुवारी 2026 पासून जगभरातल्या 40 दुकानांत ठेवायचे, असं तेव्हा जाहीर झालं. कारागिरांना प्रशिक्षण देण्याचंही ठरलं.

मला नवल वाटलं ते त्या 40 दुकानांचं. एवढी मोठी कंपनी, मग माल गल्लोगल्ली का नाही ठेवत? थोडं वाचलं तेव्हा कळलं, या लोकांचा धंदाच उलटा! आपण म्हणतो माल जितक्या दुकानांत तितकं बरं. ते म्हणतात, सहज मिळाली तर किंमत राहत नाही. लुई व्हिताँ ही फ्रान्सची कंपनी तर आपल्या पर्सेस फक्त स्वतःच्याच दुकानांत विकते, आणि सेल कधीच लावत नाही. 2003 मध्ये ती भारतात आली ती दिल्लीच्या ओबेरॉय हॉटेलात, दुसऱ्या वर्षी मुंबईच्या ताजमध्ये. बाजारपेठेत नाहीच! ज्याला परवडतं तो गिऱ्हाईक हॉटेलात आपसूक येतो ना. परदेशी कंपनीला इथे स्वतःच्या नावाचं दुकान काढायला सरकारने 2006 मध्ये 51 टक्क्यांपर्यंत आणि 2012 मध्ये पूर्ण मालकीची मुभा दिली. पण 51 टक्क्यांच्या वर गेलात तर 30 टक्के माल इथून घ्या, अशी अटही घातली. 2023 मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जिओ वर्ल्ड प्लाझा उघडला, तिथे अशी दुकानं ओळीने आहेत. आपण आत जाऊन भाव विचारायची हिंमत करू का, हा प्रश्नच आहे!

पण माझं मन अडकलं चपलेच्या वेणीत. कोल्हापुरीच्या पट्ट्यावरची ती बारीक वेणी आणि शिलाई बहुतेक घरातल्या बायकाच करतात. स्वयंपाक, पोरंबाळं सांभाळून. 800 युरोंतले त्यांच्या हातात किती येणार? करार महामंडळांशी झालाय, तेव्हा हे विचारायचा हक्क आपल्याला नक्कीच आहे.

हे मी का सांगतेय? तर आमचाही अनुभव आहे. आमच्या अकोले तालुक्यातला काळभात तुम्ही खाल्ला असेल. काळ्या टरफलाचा, शिजायला ठेवला की शेजारणीला कळतं असा सुवास! आम्ही तो निवडून, पाखडून शहरातल्या एका दुकानात दिला. "माल ठेवा ताई, खपला की पैसे देऊ," असं ठरलं. पैसे चार महिन्यांनी मिळाले. त्याचं एवढं काही नाही. पण एकदा मी स्वतः तिथे गेले, तर आमचाच तांदूळ त्यांच्या पिशवीत, त्यांच्या नावाने, आमच्या अडीचपट भावाने! गटाचं नाव नाही, अकोल्याचं तर नाहीच. मी काही न बोलता परत आले, आणि रात्रभर स्वतःवरच चिडले.

बैठकीत हे सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "मग त्या कोल्हापूरवाल्यांनी ओरड केली, तू का गप बसलीस?"

हप्त्यांचा विषय राहूनच गेला. पण पिशव्या आता आपणच छापून घ्यायच्या, वर गटाचं आणि गावाचं नाव टाकायचं, आणि जो दुकानदार तीच पिशवी ठेवील त्यालाच माल द्यायचा, एवढं ठरलं. 200 पिशव्यांचा खर्च कोणत्या खात्यातून टाकायचा यावर मात्र अजून वाद चालू आहे.