पाणी एक, काउंट्या आठ : खुर्च्या वाटायच्या कशा?

पाणीवाटपाची भांडणं आपल्याला नवी नाहीत. पण पाण्याआधी ते वाटणाऱ्या मंडळावरच्या खुर्च्या वाटाव्या लागतात, आणि खरी लढाई तिथेच होते. आज त्यासाठी टेक्सासला जाऊ.

तिथे चुनखडीच्या खडकात एडवर्ड्स नावाचा भूजलसाठा आहे. पश्चिमेला युवाल्डी आणि मेडिना या शेतीच्या काउंट्या (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा), मध्ये सॅन अँटोनियो शहराची बेक्सार (तिथले लोक ‘बेअर’ म्हणतात), पूर्वेला कोमाल आणि हेज. शिवाय आणखी तीन काउंट्यांचे तुकडे. पूर्वेकडे हेच पाणी झऱ्यांतून वर येतं. वरच्यांनी पंप जोरात चालवले, की खालचे झरे आटतात.

झऱ्यांतल्या दुर्मीळ जिवांसाठी सिएरा क्लब कोर्टात गेला आणि १९९३ मध्ये राज्याला कायदा करावा लागला. त्यात नऊ नेमलेले सदस्य होते. आधीचं मंडळ मात्र निवडून येत असे. म्हणून केंद्राच्या न्याय खात्याने मतदान हक्क कायद्याखाली हरकत घेतली. १९९५ मध्ये दुरुस्ती झाली, १९९६ मध्ये प्राधिकरण कामाला लागलं.

आता गणित बघा. १५ सदस्य निवडून येतात. दोन नेमलेले असतात, त्यांना मत नाही. पंधरांत बेक्सारकडचे सात, पश्चिमेचे चार, पूर्वेचे चार. चारांतले तीन माणसं बेक्सारमध्ये राहतात, तरी शहराला एकट्याने ठराव रेटता येत नाही. बाहेरचं एक तरी मत लागतंच. आणि शेतीवाले व झरेवाले वेगवेगळे राहिले, तर तेही काही करू शकत नाहीत. माझ्या फौजी डोळ्यांना तरी ही आखणी पक्की वाटते.

शहरवाल्यांना ती अर्थातच पटली नाही. ‘एक माणूस, एक मत’ कुठे गेलं, असा दावा २०१२ मध्ये दाखल झाला. २०१९ मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने तो फेटाळला : हे मंडळ मर्यादित कामाचं आहे, आणि त्याच्या निर्णयांचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. मला निकाल योग्य वाटतो. उपसा वर्षाला ५,७२,००० एकर-फूट, म्हणजे सुमारे २५ टीएमसी, इतकाच ठेवायचा, तर डोकी मोजून झऱ्याकाठचा माणूस कधीच जिंकणार नाही.

आपल्याकडेही हा विचार आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यात पाणी वापर संस्थेचे संचालक कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि टेलच्या भागांतून सारखे घेतात. २०१८ च्या कावेरी प्राधिकरणात तर पुदुच्चेरीला तमिळनाडूइतकीच, एक खुर्ची आहे.