आनंदीबाई अलिबागलाही राहिल्या होत्या!

लेकीला धाडसी बायकांची चरित्रं वाचून दाखवायची असतील, तर आपण रायगडकरांनी डॉ. आनंदीबाई जोशींपासून सुरुवात करावी. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात, कल्याणहून बदली होऊन ते अलिबागला आले, सोबत ही लहानगी बायको. लग्न नवव्या वर्षी, चौदाव्या वर्षी बाळ, तेही दहा दिवसांत गेलं. मुलांच्या पुस्तकांत हे पान भराभर उरकतात. मी तिथंच थांबते, कारण डॉक्टर होण्याची जिद्द तिथली. १८८३ मध्ये नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिका, ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात एम.डी., आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने मृत्यू. वय २१! गोपाळरावांचा शिकवण्याचा हट्ट सांगताना त्यांचा जाचही लपवू नये, असं माझं मत. मुलांसाठीचं आनंदीबाईंचं चांगलं मराठी चरित्र तुमच्या कपाटात असेल, तर नाव जरूर कळवा.