सांधा जुळला पाहिजे

शिरूर-दौंडकडच्या मंडळींना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. कॉर्ड मार्ग झाला आणि तो खोळंबा टळला. मात्र त्या मार्गावरचे स्थानक मूळ स्थानकापासून दूर पडले. गाडीचा वेळ वाचला, प्रवाशाची पायपीट वाढली. प्रत्येक भाग चोख असतो, अडते ते सांध्यात!

हा सांधा आधीच पाहणारे शास्त्र म्हणजे प्रणाली अभियांत्रिकी. संरक्षण संशोधनात त्याचे मोल मोठे. पाषाणच्या ‘एआरडीई’ने १९८०च्या दशकात ‘पिनाक’चे काम हाती घेतले. ४४ सेकंदांत १२ अग्निबाण सोडायचे होते. अग्निबाणाचे वजन वाढले की वाहनावरचा भार वाढतो. इंधन बदलले की पल्ला बदलतो. एकट्याने निर्णय घेऊन कसे चालेल? १९९९मध्ये कारगिलला ‘पिनाक’ वापरले गेले.

पण कल्पना कोवळी असतानाच कागदपत्रांचे ओझे लादले, तर ती गुदमरते. शिस्तच नसेल, तर चूक थेट चाचणी मैदानावर उघडी पडते. यासाठी ‘नासा’ने रूढ केलेली तंत्रसज्जतेची ९ पायऱ्यांची मोजपट्टी उपयोगी पडते. पहिल्या पायरीवर केवळ मूलतत्त्व, नवव्या पायरीवर प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालेली वस्तू. सुरुवातीला एका पानाचा आराखडा पुरे: गरज कोणाची, जोड कुठे, धोका कोणता? पायरी चढेल तशी शिस्त वाढवावी. अखेर त्या सांध्यावर सीमेवरच्या जवानाचा जीव अवलंबून असतो.