शेपू कधी पेरायचा

दिवस गेल्याचं कळलं, त्याच्या नऊ दिवस आधी मी वांग्यावर फवारणी केली होती. पाठीवर 16 लिटरचा चार्जिंगचा पंप, तोंडाला ओढणी, पायात काही नाही. फवारणी हे आमच्याकडं गड्यांचं काम. पण हे सोयाबीनच्या पेरणीत गुंतले होते आणि वांग्याचे शेंडे रोज सकाळी माना टाकत होते. तीन पंप मारले, विहिरीवर हातपाय धुतले आणि घरी जाऊन लेकीला भाकरी करून वाढली. जुलैच्या मध्याला पट्टीवर दोन रेघा उमटल्या, तेव्हा आधी तो पंप आठवला. बाकी सगळं नंतर.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. साडेतीन एकर काळी जमीन आणि त्यातलं विहिरीखालचं 30 गुंठे माळवं. माळवं म्हणजे आमच्याकडं भाजीपाला. ते माझ्याकडं असतं. वांगी, टोमॅटो, भेंडी, गवार, दोडका, घेवडा, आणि वाफ्यावाफ्यानं मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक, चुका. घरातला रोजचा पैसा इथून येतो. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि येण्याआधीच वाटून गेलेला असतो. म्हणून ‘आता घरी बस’ असं मला कुणी म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी मी बसले नसते. काय करायचं आणि काय सोडायचं, एवढाच प्रश्न होता. पहिल्या खेपेला, सहा वर्षांपूर्वी, हा प्रश्न मी कुणाला विचारलाही नव्हता. जमेल तेवढं करत राहायचं आणि सातव्या महिन्यात माहेरी जायचं, असंच सगळ्याजणी करतात.

या वेळी विचारला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी औषधाचं नाव विचारलं, तारखा विचारल्या आणि टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढलं. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून तयार होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे आपल्याला दिवस गेलेत हे बाईला कळेपर्यंत ते नाजूक काम बरंचसं उरकलेलं असतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, एकदोनदा फवारलं म्हणून काही झालंच असेल असं नाही, पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत बघू. पण आजपासून पंपाला हात लावायचा नाही. फवारलेल्या वाफ्यात तोडणीला जायचं नाही. आणि घरच्यांचे फवारणीचे कपडेही तुम्ही धुवायचे नाहीत. कपड्यांचं मला कधीच सुचलं नसतं. इतकी वर्षं ते कपडे मी लेकीच्या फ्रॉकांबरोबर एकाच बादलीत भिजवत आले होते.

त्यांनी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. या गोळीमागची गोष्ट मी नंतर वाचली आणि ती मला विसरता येत नाही. ल्युसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर 1928 साली मुंबईला आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी रक्त कमी होण्याचा एक जीवघेणा आजार व्हायचा, त्याचा शोध घ्यायला. खाणंपिणं तपासत, प्रयोग करत ती यीस्टच्या अर्कापर्यंत पोचली. तो दिला की बायका सुधारायच्या. 1931 साली तिनं हे छापून प्रसिद्ध केलं, पण त्या अर्कात नेमकं काय आहे ते कुणालाच सांगता येईना. पुढं 1941 साली अमेरिकेत पालकाच्या ढीगभर पानांतून तो पदार्थ वेगळा काढला गेला आणि लॅटिनमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याचं नाव पडलं. मुंबईच्या गिरणीतली पोटुशी बाई आणि माझ्या वाफ्यातला पालक, दोघं या एका गोळीत आहेत.

मग मी विचारलं, पालक माझ्याकडं दोन वाफे आहे, तर गोळी कशाला? मळा असलेल्या बहुतेक घरांत हाच समज असतो, म्हणून उत्तर सविस्तर सांगते. पानातलं फोलेट शिजवताना बरंच जातं. पानातलं लोह तर शरीर थोडंसंच उचलतं. लिंबू, आवळा, टोमॅटो असं आंबट बरोबर असलं तर जरा जास्त उचलतं आणि जेवणावर चहा घेतला तर तेही अडतं. आमच्या घरात जेवण झालं की चहा होतोच. माझं हिमोग्लोबिन पहिल्या तपासणीत 9.2 निघालं. गरोदरपणात ते 11 च्या खाली असलं की रक्तपांढरी धरतात. देशभराच्या 2019 ते 21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून जास्त गरोदर बायका त्या रेघेच्या खाली होत्या. भाजी पिकवणारी मी त्यांच्यातलीच एक. तेव्हा पहिले तीन महिने फॉलिक ॲसिड, चौथ्यापासून लोहाची गोळी आणि वेगळ्या वेळेला कॅल्शियमची, असं सुरू झालं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की लोह नीट लागत नाही. लोहाच्या गोळीनं मळमळ व्हायची, म्हणून ती मी रात्री घेऊ लागले, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. डिसेंबरात हिमोग्लोबिन 10.8 झालं.

डोहाळे लागले ते मातीचे. पावसाची सर येऊन गेली की नांगरलेल्या रानाचा वास यायचा आणि तोंडाला पाणी सुटायचं. एकदा ढेकूळ उचलून ओठापर्यंत नेलं होतं. आमच्या गल्लीत भाजलेली माती चघळणाऱ्या दोघी मला ठाऊक आहेत, कुणी त्याचं काही वाटून घेत नाही. आशाताईंना लाजत सांगितलं तर त्या गंभीर झाल्या. अशी ओढ बऱ्याचदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते, आणि खाल्लेली माती जंत घेऊन येते, जंत उरलंसुरलं रक्तही पितात. अनवाणी चालणाऱ्याच्या पायातूनही आकडेकृमी शिरतात. चौथा महिना लागल्यावर जंताची एक गोळी झाली आणि हे बाजारातून माझ्यासाठी रबरी बूट घेऊन आले. बांधावरच्या कडब्याच्या गंजीत मांजरीची पिल्लं होती. मांजराच्या विष्ठेतून मातीत एक जंतू येतो, तो पोटातल्या बाळाला धोक्याचा असतो, म्हणून मातीत हात घालताना हातमोजे आणि कच्ची काकडी, कोथिंबीर खाण्याआधी दोनदा धुणं, हेही ठरलं.

मळा मात्र बदलावा लागला. वांग्याला कामगंध सापळे लावले, किडके शेंडे खुडून पुरायला सुरुवात केली. निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, 5 किलोचा अर्क गाळून 100 लिटर पाण्यात मिसळायचा, आणि फवारायचा यांनी. वांगी थोडी किडकी निघाली, तेवढी गेली. मेथी-कोथिंबिरीचे वाफे निम्मे केले, कारण ती उपटायला तासन्‌तास उकिडवं बसावं लागतं. त्या जागेवर दोडका आणि घेवडा मांडवावर चढवला. मांडवाची तार माझ्या खांद्याच्या उंचीला बांधली. शेंगा आता उभ्यानं, सावलीत तोडता येतात. टोमॅटोचं भरलेलं क्रेट 20 किलोच्या वर जातं, ते मी जागचं हलवायचं नाही. सकाळी सात ते दहा आणि मग साडेचारनंतर, मधलं ऊन मी सोडून दिलं. आमच्याकडं ऑक्टोबरचं ऊनही चांगलंच भाजतं.

‘हालचाल असली की बाळंतपण सोपं जातं’ असं जुन्या बाया म्हणतात. चालणं, हलकं काम चांगलंच आहे, डॉक्टरबाईही तेच सांगतात. पण ‘हालचाल’ या शब्दात घागरी, क्रेट आणि बारा तासांचं वाकणं कसं घालायचं? आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदा मांडवाकडं बघून म्हणाल्या, “आमी नवव्या म्हैन्यात बी दारं धरली गं.” मग थोड्या वेळानं, घेवडा तोडता तोडता, आपणहून म्हणाल्या, “पाच झाली. तीन हायत.” तेव्हापासून मी क्रेट उचलायला गेले की आधी त्याच मला अडवतात.

सगळ्यात अवघड गोष्ट क्रेटची नव्हती. रानात बाईला लघवीला जागा नसते. म्हणून आम्ही पाणीच कमी पितो, इतकी जुनी सवय की ती सवय आहे हेही लक्षात येत नाही. पाचव्या महिन्यात जळजळ सुरू झाली, ताप आला. लघवीची तपासणी केली तर संसर्ग निघाला. नर्सताई म्हणाल्या, याच्याकडं दुर्लक्ष केलं तर दिवस भरायच्या आधी कळा येऊ शकतात, पाणी भरपूर प्यायचंच. मी घरी येऊन यांना सांगितलं, मला सापळे नकोत, बूट नकोत, आधी आडोसा पाहिजे. दुसऱ्याच दिवशी विहिरीजवळ चार बांबू, त्याला शेडनेटचं हिरवं कापड, आत दोन फरशा आणि पाण्याची बादली झाली. 800 रुपयांच्या आत झालेलं काम. खुरपणीला येणाऱ्या सहाजणींनी त्या दिवशी दुपारी पहिल्यांदा माझ्या रानात पोटभर पाणी प्यालेलं मी बघितलं. एवढी वर्षं त्या तहानलेल्या राबत होत्या आणि मी मालकीण असून ते मला दिसलं नव्हतं, याचं वाईट अजून वाटतं.

त्या सहाजणींतल्या एकीला आठवा महिना होता. आमच्याकडं खुरपणीचा रोज 300 रुपये. शहरातल्या नोकरदार बाईला 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण तो कायदा 10 किंवा त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेचा. खुरपं घेऊन रोज वेगळ्या बांधावर जाणाऱ्या बाईला तो लागू नाही, मलाही नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला मला 5,000 रुपये मिळाले होते. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर 6,000 मिळतात. त्यांचं मोल आहेच. पण 300 च्या रोजानं ते 20 दिवसांचं पोट, आणि बाळंतिणीला किमान सव्वा महिना तरी अंग टेकायला पाहिजे. मी तिला बांधावर बसून जुड्या बांधायचं, शेंगा निवडायचं काम दिलं, त्याच रोजावर. दोघींनी कुरकुर केली. तिसरी म्हणाली, “उद्या आपली बी पाळी येतीच की.” बाळंत होईपर्यंत ती येत राहिली. तिला मुलगा झाला, पावणेतीन किलोचा.

ऑक्टोबरात माझी सोनोग्राफी झाली. डॉक्टर पडद्यावर कणा दाखवत होते, मण्यांची बारीक ओळ. मी मणी मोजायचा प्रयत्न करत होते आणि मोजता येत नव्हते, डोळे भरून आले होते. सगळं नीट आहे, असं ते म्हणाले. रिक्षात बसल्यावर यांचं पहिलं वाक्य होतं, पंप मी विकून टाकू का? विकला नाही, अजून लागतो. पण त्यांनाही ते नऊ दिवस टोचत होते, हे मला तेव्हा कळलं.

मार्गशीर्षात वेळ अमावस्या आली. लातूर-धाराशिवकडं हा दिवाळीहून मोठा सण. सगळं गाव रानात. कडब्याची खोप, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे. तुरीच्या, वाटाण्याच्या, हरभऱ्याच्या कोवळ्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि बिंदग्यातली आंबील. जेवायच्या आधी काळ्या आईची ओटी भरायची, आंबील रानात शिंपडायची. ज्वारी तेव्हा पोटरीत असते, हरभरा घाट्यावर येतो. आत्याबाई शिंपडता शिंपडता म्हणाल्या, “ती बी पोटुशी हाय, तिला बी खाऊ वाटतंय.” सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापासून गरोदर बाईला दोन हृदयांची म्हटलंय. एक तिचं आणि एक बाळाचं, म्हणून तिची इच्छा मोडू नये. डोहाळे त्या दोन हृदयांचे. हे मी शाळेत असताना कुठंतरी वाचलं होतं, पण रानालाही डोहाळे पुरवणारी माणसं मी इथंच बघितली. ओटी भरून झाल्यावर आत्याबाईंनी सुपातलं उरलेलं, नारळ, चार घेवड्याच्या शेंगा, एक वांगं, हरभऱ्याचा डहाळा, माझ्या पदरात टाकलं. तोंडानं काही म्हणाल्या नाहीत. पोटातलं तेव्हा जोरात हललं. दुपारी खोपीत डाव्या कुशीवर पडल्यावर मी रोज हालचाली मोजते. कामात असताना ते झोपतं, मी पडले की उठतं.

आता जानेवारी संपत आलाय. तारीख दिलीय 8 मार्चची. 108 नंबर मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर खडूनं लिहून ठेवलाय आणि रानातून डांबरीपर्यंत गाडी येते, याची खात्री यांनी दोनदा करून घेतलीय. बाळंतिणीला शेपूची भाजी लागते. त्यानं दूध उतरतं असं आत्याबाई म्हणतात, आणि पहिल्या खेपेला माझ्या आईनं माहेरी तीच घातली होती. शेपू तयार व्हायला 40 दिवस लागतात. म्हणजे येत्या सोमवारी पेरला पाहिजे. मेथीला महिना पुरतो, ती नंतर.

वाकता तर येत नाही. ठिबकचा तीन फुटांचा एक तुकडा कापून ठेवलाय. ओळीवर टेकवून वरून चिमटीनं बी सोडलं की उभ्यानंच पेरता येतं, काल कोथिंबिरीवर करून बघितलं. आत्याबाई ओळी ओढणार, मी बी सोडणार. मागून मातीनं झाकायचं काम आपलं, असं लेकीनं आत्ताच सांगून ठेवलंय.