आळस नव्हे, झोपेची गरज



परिचारिकेचे शिक्षण घेताना रुग्णाच्या तापाइतकीच त्याच्या झोपेची नोंद ठेवण्याचे वळण मला लागले. तीच मी, माझ्या सोळा वर्षांच्या नातवाला रोज सकाळी ‘आळशी’ म्हणून उठवीत असे. परीक्षेच्या दिवसांत एका पहाटे तो पुस्तकावरच डोके टेकून निजलेला दिसला. जागा होताच म्हणाला, “आजी, रात्रभर वाचले, पण काहीच आठवत नाही.” तेव्हा माझी चूक मला उमगली.

अंधार पडू लागला की मेंदूतील एक ग्रंथी मेलाटोनिन हा स्राव सोडते आणि शरीर निजेकडे वळते. पौगंडावस्थेत हा स्राव एक-दोन तास उशिरा सुरू होतो. म्हणून दहा वाजता मुलाला खरोखरच झोप येत नाही आणि सकाळी सातला ती पुरी झालेली नसते. या वयात ८ ते १० तासांची झोप आवश्यक असते. दिवसा शिकलेले झोपेत स्मृतीत पक्के होते. शिवाय रागावर आणि निर्णयांवर लगाम ठेवणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. जागरणाने तो लगाम सैल पडतो. मुलांच्या चिडचिडीचे हेही एक कारण आहे.

अपुऱ्या झोपेची दखल घेऊन महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत असे ठरविले. मोठी मुले मात्र त्यातून वगळली गेली. कॅलिफोर्नियात २०२२ पासून माध्यमिक शाळा बहुतांशी साडेआठपूर्वी भरत नाहीत.

शाळेची वेळ आपल्या हाती नाही, घर आहे. येथे वेम्बलीत जूनमध्ये, ऐन परीक्षांच्या काळात, रात्री नऊनंतरही उजेड असतो. तेव्हा जाड पडदे लावावेत. संध्याकाळनंतर चहा-कोला नको. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत निजू देऊ नये. त्याने शरीराचे घड्याळ आणखी मागे पडते.

राहिला मोबाईल. शब्बाथला तो बाजूला ठेवणे आपणांस नवे नाही. निजताना शेमा म्हटल्यावर बोलणे-खाणे थांबवावे, अशीही आपली जुनी रीत आहे. त्या यादीत मोबाईलही घालावा. आमच्या घरी आता रात्री सर्वांचे मोबाईल स्वयंपाकघरात राहतात. सर्वांत आधी माझा.