तीन वाटांचा पवित्रा

कुस्तीला उभा राहिलेला गडी पाहा. तो पाय फाकवतो. गुडघे वाकवतो. अंग थोडे पुढे झुकवतो. याला आपण पवित्रा म्हणतो. बास्केटबॉल या खेळातही असाच एक पवित्रा आहे.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेत निघाला. स्प्रिंगफील्ड या शहरी जेम्स नाइस्मिथ नावाचे शिक्षक होते. हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे, म्हणून त्यांनी तो काढला. फळांच्या दोन टोपल्या उंच टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकायला सांगितले. बास्केट म्हणजे टोपली. आज टोपलीच्या जागी लोखंडी कडे अन् जाळी असते. कडे जमिनीपासून दहा फूट उंच असते. दोन्हीकडे पाच-पाच गडी खेळतात.

नवा गडी काय करतो? चेंडू हाती आला, की लगेच टप्पे मारीत धावत सुटतो. मान खाली, नजर चेंडूवर. समोरून कोणी आला, की घाबरून चेंडू दोन्ही हातांनी धरतो. इथेच तो फसतो! एकदा टप्पे थांबवून चेंडू धरला, की त्याला पुन्हा टप्पे मारता येत नाहीत. तसा नियमच आहे.

जाणता गडी आधी पवित्रा घेतो. तो असा :

दोन पायांत खांद्यांइतके अंतर ठेवा. भार चवड्यांवर घ्या. गुडघे वाकवा. चेंडू दोन्ही हातांनी छातीजवळ धरा. ज्या हाताने टाकणार, त्या बाजूला धरा. मान वर ठेवा. कडेही दिसले पाहिजे अन् आपले गडीही दिसले पाहिजेत.

आता तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. समोरचा दूर उभा आहे? चेंडू कड्यात टाका. तो अंगाशी आला? त्याच्या बाजूने टप्पे मारीत निघा. दोघे धावून आले? मग आपला एक गडी मोकळा सुटला. चेंडू त्याला द्या. तुम्ही काय करणार, हे समोरच्याला आधी कळत नाही. म्हणून तो बिचकतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. खळ्यातला तिवडा जागचा हलत नाही. बैल त्याच्याभोवती फिरतात. तसा एक पाय रोवून ठेवा अन् दुसऱ्याने वळा. टप्पे मारीत निघताना चेंडू हातातून सुटेपर्यंत रोवलेला पाय उचलू नका. दुसरी गोष्ट वेळेची. समोरचा अगदी जवळ येऊन अडवीत असेल, तर चेंडू पाच सेकंदांहून जास्त धरून ठेवता येत नाही.

हा पवित्रा शिकायला कडे लागत नाही. अंगणात एकाने चेंडू द्यावा, दुसऱ्याने तो झेलून पवित्रा घ्यावा. रोज पन्नास वेळा करा. मुलांना शिकवा, मुलींनाही शिकवा.

उंची आपल्या हाती नसते. पवित्रा मात्र आपल्या हाती असतो, बरं का!